ऋणको गृहस्थाला साहाय्य द्यावे काय?

१८ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी अ‍ॅरिझोना राज्यातील मेसा या शहरी, कर्जाचे हप्ते देणे अशक्य झालेल्या गृहस्वामींसाठी ७५ अब्ज डॉलरची एक योजना जाहीर केली; आणि दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या वायदेबाजारातून बोलताना रिक सँटेली या दूरचित्रवाणी वार्ताहराने, ज्यांनी ऐपतीबाहेर कर्ज काढले त्यांचे हप्ते ज्यांनी ते काढले नाही त्यांनी का म्हणून भरावेत, असा संतप्त सवाल केला. हा सवाल देशभर इतका दुमदुमला की पुढे ‘टी पार्टी’ या नावाने जी राजकीय चळवळ उभी राहिली, तिचा उगम सांगताना त्या भाषणाचा उल्लेख हटकून केला जातो. आपल्या घरावर पेलवणार नाही इतके कर्ज काढणाऱ्या माणसाला समाजाने सार्वजनिक तिजोरीतून सोडवावे काय, हा तो प्रश्न होय. त्याला एका शब्दात उत्तर देणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत; परंतु ते कर्ज कसे निर्माण झाले, त्यातील तूट कोणाच्या पदरी पडली, आणि मदतीचे जे प्रयोग झाले त्यांतून काय निष्पन्न झाले, हे पाहिल्यावाचून दिलेले उत्तर न्यायाला धरून होणार नाही.

प्रथम कर्जाची उत्पत्ती पाहू. अमेरिकेची मध्यवर्ती बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह. तिचा अल्पमुदतीचा पायाभूत व्याजदर इ. स. २००० च्या अखेरीस साडेसहा टक्के होता, तो जून २००३ पर्यंत एक टक्क्यावर उतरला. पैसा इतका स्वस्त झाल्यावर आधीच चढत असलेले घरांचे भाव अधिकच वेगाने चढू लागले, आणि घर ही केवळ राहण्याची जागा न राहता ज्यातून वेळोवेळी रोकड उचलता येते असे एक खाते बनले. ही उचल करण्याची रीत सोपी होती. समजा, एखाद्या कुटुंबाने २ लाख डॉलरचे घर १ लाख ६० हजारांचे कर्ज काढून घेतले, आणि काही वर्षांत त्याची किंमत ३ लाखांवर गेली. तर मुद्दलाची किरकोळ फेड हिशेबाबाहेर ठेवल्यास, जुने गहाण फेडून त्याच घरावर २ लाख ४० हजारांचे नवे गहाण करता येई, आणि मधले ८० हजार डॉलर रोख हाती पडत. अशा व्यवहाराला सरकारी धोरणाचेही उत्तेजन होते. कारण १९८६ च्या करसुधारणा कायद्याने मोटार किंवा क्रेडिट कार्डाच्या कर्जावरील व्याजाची वजावट काढून घेतली असली, तरी घराच्या तारणावर घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट कायम ठेवली होती, आणि त्यामुळे बाकी सर्व देणी घराच्या अंगावर टाकणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरत होता.

अतीफ मियां आणि अमीर सूफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या उचलीचा जो अभ्यास केला, त्यावरून असे दिसते की २००२ ते २००६ या काळात घराच्या वाढलेल्या किमतीतील प्रत्येक डॉलरमागे गृहस्वामींनी सरासरी २५ सेंट कर्जरूपाने काढून घेतले, आणि ज्यांची पत बेताची होती त्यांच्यात हे प्रमाण विशेष होते. ही रक्कम कोणी घराच्या डागडुजीत घातली, कोणी दवाखान्याच्या बिलात, कोणी मुलांच्या शिक्षणात, तर कोणी केवळ चैनीत. आणि काहींनी ती दुसरे व तिसरे घर सट्ट्यासाठी घेण्यात गुंतवली. ऐपतीबाहेर कर्ज काढणारा असा एकच एक मनुष्य नव्हता, ही गोष्ट पात्रतेच्या चर्चेत आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

कर्ज घेणारा जसा एक पक्ष, तसा देणारा हा दुसरा पक्ष. आणि त्याचे वर्तन तपासल्यावाचून हा खटला पुरा होत नाही. पूर्वीचा धनको कर्ज आपल्या वहीत ठेवीत असे, आणि ऋणको बुडाला तर आपणही बुडू या धास्तीने त्याची मिळकत पारखून घेत असे. नव्या व्यवस्थेत कर्ज देणारी कंपनी ते काही आठवड्यांतच विकून मोकळी होई. हजारो कर्जे एकत्र करून त्यांच्यावर रोखे काढले जात, आणि ते रोखे जगभरच्या बँका व निवृत्तिवेतन निधी विकत घेत. तेव्हा कर्ज फिटेल की नाही याची चिंता मूळ देणाऱ्याला उरली नाही. त्याचा लाभ कर्जांच्या संख्येवर अवलंबून राहिला. म्हणूनच ऋणकोने जे सांगितले तेच उत्पन्न पुराव्याशिवाय मान्य करणारी कर्जे निघाली. पहिली दोन वर्षे हलका हप्ता आणि पुढील अठ्ठावीस वर्षे बाजाराप्रमाणे चढता हप्ता, असे करार कमी पतीच्या लोकांना सर्रास विकले गेले. आणि या हलक्या प्रतीच्या कर्जांचा बराच मोठा भाग नवे घर घेण्यासाठी नसून जुन्याच घरावर पुन्हा काढलेल्या कर्जाचा होता. गहाणखतावर सही करणाऱ्याने ते वाचावयास हवे होते, हे निर्विवाद. परंतु ज्याचा धंदाच कर्जफेडीची शक्यता जोखण्याचा, त्याने डोळे मिटून घेतले असतील तर अविचाराचा सारा भार एकट्या ऋणकोच्या माथी मारता येत नाही.

जून २००६ पर्यंत पायाभूत दर सव्वापाच टक्क्यांवर गेला, आणि त्याच वर्षी घरांच्या भावांनी शिखर गाठून उतरण धरली. २०१२ च्या आरंभापर्यंत देशभरचे भाव शिखरापासून सरासरी २७ टक्क्यांनी खाली आले. वरील उदाहरणातील घराची किंमत या हिशेबाने २ लाख १९ हजारांवर येते, आणि डोक्यावरचे कर्ज मात्र २ लाख ४० हजार. घर विकूनही देणे फिटत नाही अशा या अवस्थेत २००९ च्या अखेरीस सुमारे १ कोटी १० लाख गृहस्वामी, म्हणजे गहाण असलेल्या दर चार घरांतील जवळजवळ एक घर, सापडले होते. मात्र येथे एक बारकावा आहे. कर्ज किमतीहून अधिक झाले म्हणजे मनुष्य लगेच घर सोडून जातो असे नाही. १९९० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात भाव कोसळले, तेव्हा अशा स्थितीत सापडलेल्यांपैकी पुढे घर गमावणारे दहा टक्क्यांहून कमी होते, असे बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. घर जाते ते बहुधा दोन आघात एकत्र आल्यावर: एकीकडे किंमत घटलेली, आणि दुसरीकडे नोकरी गेलेली, आजारपण आलेले किंवा संसार मोडलेला. भाव चढते असताना नोकरी गेलेला मनुष्य घर विकून कर्जमुक्त होऊ शकतो. भाव पडल्यावर तो मार्गच बंद होतो. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील बेकारी दहा टक्क्यांवर पोहोचली, आणि दोन्ही आघात लक्षावधी घरांवर एकाच वेळी कोसळले.

आता मदतीच्या विरुद्ध जे म्हटले जाते ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. ज्या भाडेकरूने भाव परवडत नाहीत म्हणून घर घेण्याचा मोह आवरला, आणि ज्या गृहस्थाने घराची किंमत दुप्पट झाली असतानाही त्यावर एक छदाम उचलला नाही, त्यांच्या करातून शेजाऱ्याचे देणे फेडणे हा संयमी माणसाला दंड करण्यासारखाच प्रकार आहे. दुसरे असे की, करार हवा तेव्हा मोडता येतो असे एकदा दिसले की पुढील प्रत्येक कर्ज महाग होते, आणि त्याची झळ नव्याने घर घेणाऱ्या निर्दोष माणसाला लागते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. थकबाकीदारालाच सवलत मिळणार असे जाहीर झाले, तर जो हप्ता देऊ शकतो तोही तो देण्याचे थांबवतो. ही केवळ शंका नाही; कंट्रीवाइड या कंपनीने २००८ च्या ऑक्टोबरात अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांशी केलेल्या तडजोडीत थकलेल्या ऋणकोंना सवलती देण्याचे कबूल केले, तेव्हा तिच्या ग्राहकांत हप्ते थकवण्याचे प्रमाण लगोलग सुमारे एक दशांशाने वाढले, असे ख्रिस्तोफर मेयर प्रभृती संशोधकांना आढळले. मदतीचा कैवार घेणाऱ्याला या पुराव्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

परंतु दुसऱ्या पारड्यातही काही वजनदार गोष्टी आहेत. त्यांतील पहिली ही की, तूट आधीच झालेली असते. घराची किंमत पडली त्याच क्षणी ती संपत्ती नाहीशी झाली, आणि उरला तो ती तूट कोणी सोसावी एवढाच प्रश्न. जप्ती आणि लिलाव या मार्गाने ती तूट भरून निघत नाही, उलट वाढते. मॅसॅच्युसेट्समधील घरविक्रीच्या एका प्रसिद्ध अभ्यासात जप्तीनंतर विकलेल्या घरांना इतर घरांच्या मानाने सरासरी २७ टक्के कमी किंमत आल्याचे आणि अगदी लगतच्या घरांचे मोलही त्यामुळे घसरल्याचे दिसून आले. म्हणजे ऋणकोचे घर जाते, धनकोला पुरे पैसे मिळत नाहीत, आणि ज्या संयमी शेजाऱ्याच्या नावाने मदत नाकारली, त्याच्याच घराची किंमत कमी होते. दुसरी गोष्ट मियां व सूफी यांनी मांडली आहे: कर्जात बुडालेले कुटुंब आपला खर्च एकाएकी आखडते, त्यामुळे दुकाने व कारखाने यांची मागणी घटते, आणि ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही अशा कामगाराची नोकरी त्यात जाते.

तिसरी गोष्ट समानतेची आहे. मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स ही संस्था दुसऱ्या बँकेच्या स्वाधीन करताना मध्यवर्ती बँकेने सुमारे २९ अब्ज डॉलरचा भार उचलला. सप्टेंबरात फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाच्या दोन प्रचंड संस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. आणि ३ ऑक्टोबर २००८ रोजी ७०० अब्ज डॉलरच्या साहाय्याला कायद्याची मान्यता मिळाली. बँकांनी घेतलेली रक्कम पुढे बहुतांशी परत केली आणि सरकारला त्यावर लाभही झाला, हे सत्य आहे. परंतु संकटाच्या घटकेला मिळालेली उसंत हेच मोठे साहाय्य असते, आणि तीच उसंत हप्ते थकलेल्या कुटुंबाला नाकारताना करारपावित्र्याचा दाखला देणे सुसंगत ठरत नाही.

असा प्रश्न अमेरिकेपुढे काही पहिल्यांदाच आला नव्हता. १९२० च्या दशकातील गृहकर्जे बहुधा तीन ते पाच वर्षांच्या मुदतीची असत आणि मुदत संपताच मुद्दलाची मोठी रक्कम एकदम द्यावी लागे. महामंदीत बँकांनी ती कर्जे नवी करून देण्याचे नाकारताच घरांचे लिलाव सुरू झाले. जून १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ हे महामंडळ स्थापून सुमारे दहा लाख घरांची बुडती गहाणे विकत घेतली, आणि ऋणकोंना पंधरा वर्षांची मुदत व पाच टक्के व्याज अशा बेताच्या हप्त्यांवर ती फेडू दिली. साहाय्य घेणाऱ्यांपैकी जवळजवळ एक पंचमांश लोकांची घरे तरीही गेली. पण बाकीच्यांची वाचली, आणि १९५१ मध्ये आवरते घेताना महामंडळाच्या वहीत तोटा नव्हता. याच महामंडळाने पुढे शहरांचे जे नकाशे तयार केले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने धोक्याच्या म्हणून दाखवल्या, हा त्याच्या कीर्तीवरील डाग होय. मदतीसाठी पात्र कोण हे ठरवणारा हात निष्पक्ष नसेल तर मदतही अन्यायाचे साधन होते, असा त्याचा बोध आहे.

आपल्या महाराष्ट्राला तर हा वाद चांगलाच परिचित असावा. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, त्या तेजीत सावकारांनी हात सैल सोडला, आणि युद्ध संपून भाव कोसळताच तगादे व जप्त्या सुरू झाल्या. त्यात सारावाढीची भर पडली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले आणि दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारण कायदा झाला, त्याने दिवाणी न्यायालयाला रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा, रास्त देणे ठरवण्याचा आणि त्याचे हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले. या कायद्याला बगल देण्यासाठी सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले, हा त्याचा दोष पुढे उघड झाला. तरीही त्यातील मूलतत्त्व मोलाचे आहे: सरसकट माफी नाही आणि आंधळी वसुलीही नाही; प्रत्येक कर्जाचा इतिहास पाहून त्याचा निवाडा करावयाचा.

हेच तत्त्व २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे आले होते. तेथील नादारीच्या कायद्याप्रमाणे न्यायाधीश दुसऱ्या, सुट्टीच्या घरावरील कर्ज त्या घराच्या चालू किमतीइतके खाली आणू शकतो. १९८६ पासून कुटुंबाच्या शेतजमिनीवरील कर्जही तसे आणता येते. परंतु मनुष्य ज्या घरात प्रत्यक्ष राहतो, त्याच्यावरील पहिल्या गहाणाला हात लावण्याची मनाई आहे, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई पक्की केली. ही विषमता दूर करणारे विधेयक ५ मार्च २००९ रोजी प्रतिनिधिगृहात संमत झाले. परंतु बँकांच्या तीव्र विरोधामुळे ३० एप्रिल रोजी सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ४५ आणि विरुद्ध ५१ मते पडून ते बारगळले.

मग उरली ती आरंभी उल्लेखिलेली सरकारी योजना. ऋणकोचा हप्ता त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांपर्यंत खाली आणावा, आणि तसे करणाऱ्या कंपनीला सरकारने प्रोत्साहनपर रक्कम द्यावी, असे तिचे स्वरूप होते. तीस ते चाळीस लाख कुटुंबांना तिचा लाभ देण्याचे उद्दिष्ट असताना, २०१६ च्या अखेरीस ती बंद होईपर्यंत चाळीस लाखांच्या निम्म्यांनाही कायम स्वरूपाची सवलत मिळाली नाही. त्यापूर्वीच्या, २००८ मधील योजनेतून चार लाख कुटुंबे तरतील असा अंदाज होता, आणि प्रत्यक्षात काही शेकड्यांपलीकडे मजल गेली नाही. याचे कारण योजनेच्या रचनेत होते. कर्ज एकाचे, वसुली दुसऱ्याची, आणि घरावरचे दुसरे गहाण तिसऱ्याचे, अशी स्थिती असल्यामुळे सवलत देण्याचा निर्णय कोणाच्याच हिताचा नव्हता. वसुली करणाऱ्या कंपनीला तर जप्तीच्या कामातून शुल्क मिळत असे. ऋणकोंना तीच कागदपत्रे पुनःपुन्हा सादर करावी लागत; आणि जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर ती न वाचताच ढिगांनी सह्या केल्या जात होत्या, हे २०१० मध्ये उघडकीस आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या संस्थांना ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली, पण तोवर असंख्य घरांचा लिलाव होऊन गेला होता.

या अपयशी प्रयोगातूनही एक उपयुक्त ज्ञान हाती आले. पीटर गॅनॉन्ग आणि पास्कल नोएल यांनी या सवलतींच्या परिणामांची छाननी केली, तेव्हा असे दिसले की मासिक हप्ता हलका झाला की कुटुंब घर राखते. परंतु हप्ता तोच ठेवून मुद्दलात सूट दिली, आणि तरीही देणे घराच्या किमतीहून अधिकच राहिले, तर कर्ज थकण्याच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक पडत नाही. संकटात सापडलेल्या माणसाची पहिली अडचण महिन्याच्या रोकडीची असते. म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करावयाचा तर तो प्रथम मुदत वाढवून व व्याज घटवून हप्ता पेलण्याजोगा करण्यात घालावा. सरसकट मुद्दल माफ करण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त, आणि संयमी शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीलाही कमी खुपणारा.

प्रस्तुत लेखकाचे मत या सर्व पुराव्यावरून असे बनले आहे की, ऐपतीबाहेर कर्ज काढणाऱ्या गृहस्थाला साहाय्य मिळावे, परंतु ते फुकट मिळू नये, आणि त्याचा बोजा आधी धनकोवर पडावा. जो त्या घरात राहतो आणि बेताचा हप्ता देऊ शकतो, त्याला उसंत मिळावी. मुद्दल कमी करण्याचा प्रसंग आलाच, तर ते न्यायालयाने उत्पन्नाची व व्यवहाराची चौकशी करून घराच्या चालू किमतीइतके खाली आणावे, आणि पुढे भाव चढल्यास त्या वाढीतील वाटा धनकोला द्यावा. म्हणजे ऋणकोने तेजीतला नफा खिशात घालून मंदीतला तोटा दुसऱ्यावर लोटला, असे होणार नाही. नादारीत शिरणाऱ्याला आपले सारे व्यवहार न्यायाधीशापुढे उघडे करावे लागतात आणि पुढे वर्षानुवर्षे आपली पत गमवावी लागते. ही किंमत इतकी जड आहे की ज्याचे चालले आहे तो केवळ सवलतीच्या लोभाने त्या दाराशी जाणार नाही, आणि कंट्रीवाइडच्या बाबतीत दिसलेला धोका त्यामुळे पुष्कळच आटोक्यात राहील. सट्ट्यासाठी घेतलेली घरे मात्र जाऊ द्यावीत. आणि सवलत देऊनही ज्याला घर राखता येणार नाही, त्याचे घर गेल्यावर उरलेल्या देण्यासाठी त्याचा जन्मभर पाठलाग करू नये.

ही तरतूद मात्र संकट ओढवल्यावर करून भागत नाही. १८७९ चा कायदा दंगे होऊन चार वर्षे लोटल्यावर आला, आणि १९३३ चे महामंडळ बाजार कोसळून जवळजवळ तितकीच वर्षे झाल्यावर. २००८-०९ मध्ये तर घाईच्या दिवसांत ज्यांचे वकील व हितसंबंधी राजधानीत तयार होते त्यांना साहाय्य मिळाले, आणि विखुरलेल्या गृहस्थांना ते मिळता मिळता घरे गेली. न्यायालयाला हा अधिकार भरभराटीच्या, शांततेच्या काळातच देऊन ठेवला, तर प्रत्येक धनकोला सहीपूर्वीच ठाऊक राहील की आपण अविचाराने दिलेले कर्ज उद्या न्यायाधीश कापू शकतो. आणि हे ठाऊक असलेला धनको ऋणकोची मिळकत आधी नीट पारखून घेईल, म्हणजे ज्यांना पुढे वाचवावे लागते अशी माणसे मुळातच कमी निर्माण होतील.